विनोदी मालिकेतला 'गंभीर भाग' फसतो कुठे?

सहावी_स्कीम (प्रश्न)

यूट्यूबसाठी सहा भागांची विनोदी मालिका लिहून होत आली आहे. प्रत्येक भाग 22 ते 24 मिनिटांचा. घर नाशिकच्या सिडकोतलं रो-हाऊस. आजी, आई-बाबा, कॉलेजला जाणारी ताई आणि नऊ वर्षांचा ओंकार. पहिले तीन भाग निव्वळ धुडगूस आहेत: कुंभमेळ्याचं निमित्त करून मुक्काम ठोकलेले नातेवाईक, नळाला पाणी येण्याच्या वेळेवरून गल्लीतली जुंपाजुंपी, ताईला बघायला आलेला निफाडचा द्राक्षबागाईतदार. चित्रीकरण एका छोट्या हॉलमध्ये, साठेक प्रेक्षक समोर बसवून. हशा खराच घ्यायचा आहे, विकतचा नाही.

चौथ्या भागात गाडी वळते. गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानवाले काका पंक्चरचे पैसे घेत नाहीत, सगळ्यांचे लाडके आहेत. तेच ओंकारला जाळ्यात ओढतात. संहिता वाचणाऱ्या दोघांनी एकच सांगितलं, की हे हुबेहूब 'डिफरंट स्ट्रोक्स' या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेत झालेलं आहे आणि तो भाग आजही अवघडलेपणाचा नमुना म्हणून दाखवतात.

तर जाणकारांना प्रश्न: जुन्या विनोदी मालिकांनी असे विषय घेतले तेव्हा नेमकं काय बिघडलं? 'संवेदनशीलतेने हाताळा' एवढंच कृपया सांगू नका. दृश्यं, मिनिटं, आवाज, काय कापायचं, काय ठेवायचं, असं सांगा.


तिसरी_घंटा

वाचणाऱ्यांनी बरोबर ओळखलं. 'द बायसिकल मॅन' हा दोन भागांचा प्रसंग, एनबीसीवर फेब्रुवारी 1983 मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत दाखवला गेला. त्यात चांगलं काय होतं ते आधी बघा, कारण टिंगल करताना ते कोणी सांगत नाही. सायकलवाला दुकानदार हॉर्टन पहिल्याच भेटीत मुलांना, म्हणजे छोटा नायक अरनॉल्ड (नट गॅरी कोलमन) आणि त्याचा मित्र डडली यांना, हात लावत नाही. आधी सायकलचं आमिष, मग खाऊ, मग 'घरी सांगायचं नाही हं, आपलं गुपित', मग वाइनचा घोट, मग नको ती चित्रं, मग शर्ट काढून फोटो. ही एकेक पायरीची चढण स्पष्ट दाखवली आहे, आणि ती खरी आहे. असली माणसं अशीच पुढे सरकतात. भूमिकेला घेतला गॉर्डन जम्प. तो प्रेक्षकांना 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'मधला भोळसट, प्रेमळ साहेब म्हणून माहीत होता. चेहऱ्यावरून संशय येऊ नये म्हणून निवड अचूक.

आता फसलं कुठे? ऐकण्यात. अरनॉल्डचं त्या मालिकेतलं कामच मुळी फटाका वाक्य टाकून हशा घेणं. लेखकांनी दुकानाच्या मागच्या खोलीतही त्याला नेहमीसारखी वाक्यं दिली. गॅरी कोलमननं तोंड उघडलं की हसायचं, ही सवय प्रेक्षकांना आधीच्या काही वर्षांत लागलेली होती. ते हसले. दोष त्यांचा नव्हे. पण घरी बसून बघणाऱ्याला काय ऐकू येतं? मूल जाळ्यात ओढलं जातंय आणि शंभर माणसं हसतायत. विनोदी मालिकेत हशाचा अर्थ असतो 'काळजी करू नका, सगळं ठीक आहे'. तोच आवाज नको त्या जागी वाजला.

दुसरी खोट सुरुवातीची. कॉनरॅड बेन, म्हणजे मालिकेतले वडील, प्रसंगाआधी पालकांशी बोलून विषयाची कल्पना देतात. हे योग्यच. पण सूचना संपते आणि नेहमीची नोकझोक सुरू होते, जणू सूचनावाला दुसऱ्याच कार्यक्रमातला होता.

तिसरी खोट मला सगळ्यात मोठी वाटते. जास्त भोगायला लागतं ते डडलीला, म्हणजे मित्राला. नायकाच्या घरातला मुलगा वेळेवर निसटतो. गंभीर विषयावरच्या त्या काळच्या या 'अतिविशेष' भागांची ही खोडच होती, संकट बऱ्याचदा पाहुण्याच्या माथी. 'फॅमिली टाईज'मध्ये 1984 साली दारूत बुडालेला कोण, तर पाहुणा आलेला नेडमामा. (टॉम हँक्स. घरात दारू सापडत नाही म्हणून व्हॅनिला इसेन्स पितो. ते दृश्य मात्र अस्सल आहे.) 'ग्रोइंग पेन्स'मध्ये 1989 साली दारू पिऊन गाडी चालवून मरतो कोण, तर घरातल्या मुलीचा मित्र (नट मॅथ्यू पेरी). पाहुणा गेला की घर पुढच्या आठवड्यात कोरं करकरीत. तुमच्याकडे ओंकार घरचाच आहे, ही जमेची बाजू. पण मग पाचव्या-सहाव्या भागाने ते ओझं वाहायला हवं. पाचव्यात सगळे पुन्हा पाण्यावरून भांडताना दिसले आणि ओंकार मध्येच एक कोटी करून पळाला, तर चौथा भाग खोटा पडला म्हणून समजा.


कापाकापी

आवाजावर थोडं. वरचे म्हणतात ते बरोबर, पण उपाय चित्रीकरणाच्या दिवशीच करावा लागतो, नंतर टेबलावर होत नाही.

प्रेक्षकांच्या हशासाठी वेगळे माइक लावा, निदान दोन, आणि ते वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नटांना कॉलर माइक. तरी साठ माणसांचा हशा कॉलर माइकमध्ये घुसतोच, आणि संवादावर चढलेला हशा कुठल्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ निघत नाही. वाक्याची टोकं खाल्ली जातात, नट डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून दुकानातली आणि त्यानंतरची दृश्यं प्रेक्षकांशिवाय घ्या. वेगळ्या दिवशी, त्याच सेटवर, तेच दिवे. प्रत्येक जागी रिकाम्या खोलीचा आवाज तीस-चाळीस सेकंद रेकॉर्ड करून ठेवा, नाहीतर हशा असलेल्या दृश्यातून नसलेल्या दृश्यात जाताना कानाला धक्का बसतो. प्रेक्षक भरलेल्या हॉलची एक सूक्ष्म घरघर असते, ती अचानक बंद झाली की बघणारा दचकतो. तो दचका तुम्हाला हवा असेल तर एकदाच, ठरवून वापरा.

हे कुणी केलंय? 'मॅश' (1972 ते 1983), युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकी विनोदी मालिका. सीबीएस वाहिनीला हशा हवाच होता, निर्माते लॅरी गेलबार्ट वगैरेंना नको होता. तडजोड अशी झाली, की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा नाही. डॉक्टर तिथेही विनोद करतात, पण कोणी हसत नाही, आणि विनोदाची चव पार बदलते. ब्रिटनमध्ये बीबीसीने तर हशा काढूनच मालिका दाखवली. एकच भाग दोन्ही प्रकारे बघा, दहा मिनिटांत कळतं की हशा हा प्रतिसाद नसून पार्श्वसंगीत आहे.

विकतच्या हशाबद्दल जाता जाता. तयार हशे पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या चार्ली डग्लसच्या पेटीत टेपची 32 कडी होती आणि त्यांवर 320 हशे. कळ दाबायची, पाहिजे तो हशा यायचा. पेटी चालवणाऱ्याला दृश्य कळत असेल तर ठीक, नाहीतर रडक्या प्रसंगातही सवयीने एक खिदळणं पडायचं. आपल्याकडच्या 'ढिंच्याक' आवाजांचंही तेच. चौथ्या भागासाठी साउंड इफेक्टचं फोल्डर उघडूच नका. आजीच्या एंट्रीचा तो ठरलेला ढोलकीचा तुकडाही नको.


वकीलवाडी

कथेतली दोन कायदेशीर भोकं आधीच बुजवा. लोक खाली कमेंटमध्ये तीच पकडतील.

पहिलं. जुन्या मालिकांत वडील पोलिसांना घेऊन दुकानात घुसतात, सुटका होते, समुपदेशनाची दोन वाक्यं, संपलं. आपल्या मराठी संहितांत याच्या उलट असतं: 'घरातली गोष्ट घरात', काकांना गल्लीतून हाकललं, आजीने डोक्यावरून हात फिरवला. हे दाखवू नका, कारण 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं, किंवा होण्याची शक्यता असल्याचं, ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे 'मिटवून टाकू' म्हणणारा बाबा कायद्याने अडचणीत येतो. आता ही गोष्ट भाषणात घालायची नाही. आई-बाबांच्या वादात घाला. बाबा म्हणतो गल्लीत नाव खराब होईल, आई फोन उचलते. दृश्य तयार.

दुसरं, पोलीस. कलम 24 आणि 26 वाचा, त्यांत तुमचं अख्खं दृश्य आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाची नको. आणि गणवेशात नाही. मुलाला कुठल्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं. म्हणजे जीप, सायरन, दंडुका सगळं बाद. साध्या कपड्यातली एक बाई सिडकोतल्या त्या रो-हाऊसच्या ओट्यावर येऊन बसते आणि ओंकारशी बोलते. आजी तिला ओंकारची नवी शिकवणीची बाई समजते. इथे विनोदाला जागा आहे, आणि तो मुलाच्या अंगावर पडत नाही. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, तेही एका ओळीत येऊ शकतं.

शेवटी पाटीवर 1098, मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर. काळ्या पडद्यावर, मराठीत, किमान आठ सेकंद, खाली संगीत न घालता.

आणि लहान नटाचं विसरू नका. बालकामगार नियमांतला 2-सी बघा. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात त्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे नाशिकला कलेक्टर कचेरी. फॉर्म सी मध्ये हमीपत्र द्यावं लागतं, परवानगी सहा महिने चालते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही. मानधनाचे किमान 20 टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. 'आपलं तर यूट्यूबचं आहे' ही सबब चालत नाही.


गोदाकाठची_म्हैस

सगळं अमेरिकेचंच चाललंय म्हणून घरचं सांगते. आपल्या मालिकांचा गुन्हा वेगळ्या जातीचा आहे. 'गंभीर भाग' आपण फारसे केलेच नाहीत. आपण गंभीर गोष्ट रोजच्या विनोदाचं भांडवल केली.

'हम पाँच' (झी, 1995) घ्या. अशोक सराफ, प्रिया तेंडुलकर, आपलीच माणसं, आणि मालिका धमाल. पण राधिकाला नीट ऐकू येत नाही, हा विनोद किती वेळा वापरलाय? मुलगी हुशार, पुस्तकी, आणि तिला बोलकी भूमिका अशी फक्त चुकीचं ऐकण्यापुरती. विषय 'हाताळला' असं कुणाला वाटलंच नाही, म्हणून कुणी टीकाही केली नाही. त्याच मालिकेत वारलेली पहिली बायको तसबिरीतून नवऱ्याशी बोलते. ते मात्र झकास जमलंय, कारण तिथे विनोद मरणावर नाही, नवऱ्याच्या दोन्हीकडून होणाऱ्या कोंडीवर आहे.

तसंच 'माइंड युवर लँग्वेज' ही ब्रिटिश मालिका (1977 ते 79). परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर हसायचं, आणि त्यात पगडीवाला रणजीत, पाकिस्तानी अली, विणकाम करणारी जमीला. ती दाखवणाऱ्या लंडन वीकएंड टेलिव्हिजनच्या मायकेल ग्रेडना ती वंशद्वेषी वाटली म्हणून त्यांनी बंद केली. आपण काय केलं? 1993 ला 'ज़बान सँभाल के' आणली. पंकज कपूरमुळे ती बघणेबल झाली, पण साचा तोच: प्रांत बदलला, पंच तसाच.

सहावी_स्कीम, तुमच्या पहिल्या तीन भागांत जाडी, काळी, तोतरा, साडी नेसलेला पुरुष यावर किती हशे आहेत ते मोजा. साठ प्रेक्षकांना तीन भाग माणसाच्या शरीरावर हसायला शिकवायचं आणि चौथ्यात एका मुलाच्या शरीराबद्दल गप्प बसा म्हणायचं, हे होणार नाही.


सहावी_स्कीम

भरभरून मिळालं. म्हैसताई, मोजले. सहा निघाले, त्यातले चार निफाडच्या पाहुण्याच्या पोटावर. काढतो.

आता दोन अडचणी. एक, चौथ्या भागात दुसरं उपकथानक आहे: आजीची बिशी आणि हरवलेला डबा. ते ठेवू का? दोन, काका पहिल्या तीन भागांतही येतात आणि खूप हसवतात. तेच तर त्यांचं लाडकं असणं आहे.


तिसरी_घंटा

दुसऱ्यापासून घेतो, ते जास्त धोक्याचं आहे. काकांना पहिल्या तीन भागांत हसवू देऊ नका. नाशिकचा प्रेक्षक नाटकाचा आहे, आवडता माणूस विंगेतून आला की एंट्रीला टाळी देतो. चौथ्या भागात काका आले आणि टाळी पडली तर तुम्ही काहीच करू शकत नाही. लाडकं असणं आणि विनोदी असणं यात फरक करा. त्यांना चांगुलपणा द्या: साखळीला तेल घालून देणं, पावसात छत्री देणं, 'राहू दे रे, पैसे नंतर' म्हणणं. कोटी एकही नको. आणि तीन भागांत एकेक क्षण पेरा जो तेव्हा साधा वाटतो: ओंकारला एकट्याला दुकानात थांबवणं, त्याच्या ताईला माहीत नसलेली नवी घंटी सायकलला असणं. आधी लक्षात न आलेली ती घंटी चौथा भाग बघताना आठवली पाहिजे.

बिशीचा डबा ठेवा, पण नवव्या मिनिटाच्या आत संपवा. 23 मिनिटांत साधारण असा उतार ठेवा: पहिली सात मिनिटं नेहमीसारखी, सात ते नऊ हशे विरळ होत जातात, लोकांना का ते कळत नाही, नऊ ते चौदा घरात कळतं, आणि चौदापासून शेवटपर्यंत फक्त कळल्यानंतरचं. बहुतेक जुन्या मालिका हे उलट करायच्या. संकटाला अठरा मिनिटं, परिणामाला दोन. 'फुल हाऊस'च्या 1990 मधल्या भागात घरातली मोठी मुलगी डीजे उपाशी राहते, व्यायामशाळेत कोसळायला येते, घरचे दोन गोड शब्द बोलतात, प्रश्न संपला. खाण्याचा विकार असा अर्ध्या तासात जात नसतो.

परिणामाला वेळ देणारा भाग बघायचा तर 'ऑल इन द फॅमिली'चा 16 ऑक्टोबर 1977 चा तासाभराचा भाग, ईडिथचा पन्नासावा वाढदिवस. शेजारच्या घरात सगळे तिच्या वाढदिवसाची तयारी करतायत आणि इकडे तिच्या घरात पोलीस असल्याचं सांगून घुसलेला माणूस तिच्यावर बलात्कार करू बघतो. ती ओव्हनमधला जळका केक त्याच्या तोंडावर मारून सुटते, आणि स्टुडिओतले प्रेक्षक अक्षरशः ओरडतात. ती दाद हसण्याची नाही, सुटकेची आहे. तिला तिथे जागा होती. विशेष म्हणजे खरा भाग त्यानंतर सुरू होतो. ईडिथ पोलिसांकडे जायला तयार नाही, घरात कोणाशी धड बोलत नाही, मुलगी तिच्यावर चिडते. तुमचा चौदा ते तेवीस मिनिटांचा तुकडा तिथून शिका.

आणखी एक सापळा: धोका बदलू नका. 'सेव्ह्ड बाय द बेल'मध्ये 1990 साली जेसीला उत्तेजक औषधाचं व्यसन लागतं असं मूळ लिहिलं होतं. वाहिनीच्या नियमवाल्यांना ते चाललं नाही, म्हणून कॅफिनच्या गोळ्या केल्या. पण अभिनय आणि दृश्य तसंच ठेवलं. परिणाम काय, मुलगी चहा-कॉफीतल्या वस्तूसाठी गाणं म्हणता म्हणता उन्मळून रडते आणि लोक तीसेक वर्षं हसतायत. तुमच्यावरही दडपण येईल. कुणी म्हणेल, काकांनी नुसते पैसे चोरले असं करा, नाहीतर नुसतं धमकावलं असं करा. तसं करायचं असेल तर पूर्ण भाग त्या मापाने पुन्हा लिहा. विषय पातळ करून रडणं घट्ट ठेवलं की नक्की फसतं.


पहिली_रांग

एक वेगळा सूर. एवढी सर्कस करण्यापेक्षा हा विषय विनोदी मालिकेत घेऊच नये. लोक मिसळ खायला आलेत, त्यांना काढा का पाजायचा? वेगळी लघुपट-फिल्म करा.


कापाकापी

@पहिली_रांग, घेऊ नये असं सरसकट म्हणता येत नाही. 'मॉड'मध्ये नोव्हेंबर 1972 ला सत्तेचाळीस वर्षांची बाई गर्भपाताचा निर्णय घेते, दोन भागांत, लेखिका सुझन हॅरिस. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. इलिनॉयमधल्या दोन केंद्रांनी भाग दाखवला नाही, तरी तो आजही नीट उभा आहे. कारण मॉड सुरुवातीपासून वाद घालणारी बाई होती, विषय तिच्या स्वभावातूनच आला. पाहुणा नाही, सूचना नाही.

पण तुमचं म्हणणं आकाराच्या बाबतीत पटतं. विषय बदलला की मांडणीही बदलली पाहिजे, म्हणजे लोकांना कळतं की आज मिसळ नाही. 'फॅमिली टाईज'ने 1987 मध्ये मित्राच्या मृत्यूचा तासाभराचा भाग केला, तेव्हा अर्ध्यातून नेहमीचं दिवाणखान्याचं नेपथ्यच काढून टाकलं. रिकामा रंगमंच, अंधार, मायकेल जे. फॉक्स एकटा, आणि न दिसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा आवाज. नाशिकला हे सुचवायला नको, राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी दिसतं. सहावी_स्कीम, तुमच्याकडे हॉल आहे, दिवे आहेत. चौदाव्या मिनिटानंतर सोफा, टीव्ही, देवघर हटवून फक्त ओटा ठेवून बघा. खर्च शून्य.

शेवटाबद्दल दोन गोष्टी. 'मॅश'मध्ये 18 मार्च 1975 ला कर्नल ब्लेकच्या मृत्यूची बातमी येते. गेलबार्टने ते शेवटचं पान नटांना चित्रीकरणाच्या जरा आधीच दिलं. दृश्य दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, आणि त्या वेळी शांततेत कुणाच्या हातून एक उपकरण खणकन पडलं. तो आवाज ठेवला. त्यानंतर एक शब्द नाही. पहिल्या महायुद्धावरच्या ब्रिटिश विनोदी 'ब्लॅकअॅडर'च्या शेवटच्या भागाचं (2 नोव्हेंबर 1989) चित्रीकरण तर फसलेलंच होतं. संकलकांनी वेग कमी केला आणि खंदकातून बाहेर पडणारी माणसं खसखशीच्या फुलांच्या शेतात विरघळवली. शेवटी नेहमीचं संगीत वाजवून नामावली टाकली असती तर काय उरलं असतं? तुमचं 'आमचं घर लय भारी' शीर्षकगीत चौथ्या भागाच्या अखेरीस नको.


तिसरी_घंटा

कापाकापींच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. 'फ्रेश प्रिन्स'मध्ये 1994 साली वडील विलला दुसऱ्यांदा सोडून जातात, तो त्याला सांभाळणाऱ्या फिलकाकांच्या गळ्यात पडून रडतो. कॅमेरा त्यांच्यावर थांबत नाही, विलने वडिलांसाठी आणलेल्या बाप-लेकाच्या मूर्तीवर जातो, आणि तिथेच संपतं. कुणी कुणाला समजावत नाही. आपल्याकडे शेवटी मोठं माणूस मुलाला जवळ घेऊन तीन मिनिटं बोलतं. ते तीन मिनिटांचं भाषण तुमच्या संहितेत आहे का? बहुधा बाबांच्या तोंडी.


सहावी_स्कीम

आहे. बाबांच्या तोंडी, दोन पानं. शेवटचं वाक्य 'आता तू घाबरायचं नाहीस, तू वाघ आहेस'.


वकीलवाडी

ते वाक्य पहिलं काढा. मूल घाबरलं म्हणून काही चुकलं नाही, आणि 'वाघ' म्हटलं की पुढच्या वेळी ते सांगणार नाही. मुलाला दोनच गोष्टी ऐकवा: तुझं काही चुकलं नाही, आणि सांगितलंस ते बरं केलंस. दोन्ही आईच्या तोंडी चालतील, पण एका दमात नको. पहिलं जेवताना, दुसरं अंथरूण घालताना.


तिसरी_घंटा

आणि सायकल? ती घरी कशी येते, कोण आणतं, की दुकानातच राहते?


सहावी_स्कीम

संहितेत ती नंतर कुठेच नाही. राहूनच गेलं.


तिसरी_घंटा

मग तिथून पाचवा भाग सुरू करा. ओट्याशी सायकल उभी, चाकात हवा नाही. ताई पंप घेऊन येते, वॉल्वला लावते, दोन-तीनदा मारते. ओंकार घरातून बघतोय, बाहेर येत नाही. मग तो खाली येतो, नुसती घंटी काढून ठेवतो आणि पंप धरायला ताईला मदत करतो. संवाद नाही. त्यानंतर आजीने नळाच्या वेळेवरून हवं तेवढं भांडावं.